एडमंडसाठी तरी नार्निया मुलांच्या हाती द्या

"नार्निया मुलांना द्यावं का गं? त्यात ख्रिस्ती प्रचार आहे म्हणतात." ओळखीतले आईबाबा मला हे बरेचदा विचारतात. माझं उत्तर ठाम आहे. द्या. आणि देताना 'ती आपली साधी परीकथा आहे' असं सांगून त्यातला ख्रिस्ती भाग झाकू नका. तो भाग काढून घेतला तर या पुस्तकातला मला सगळ्यात जवळचा वाटणारा मुलगा, एडमंड, त्यात उरतच नाही.

(पुढे कथानक सगळं उघड होणार आहे. ज्यांना स्वतः वाचायचंय त्यांनी आधी वाचा, मग या.)

सी. एस. लुईस यांचं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' १९५० साली आलं. १९५६ पर्यंत नार्निया मालिकेची सात पुस्तकं झाली, त्यातलं हे पहिलं. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना पीटर, सुझन, एडमंड आणि लूसी या भावंडांना खेड्यातल्या एका वृद्ध प्रोफेसरांच्या घरी धाडलेलं असतं. तिथल्या कपाटातून, टांगलेल्या कोटांमधून वाट काढत ती नार्नियात पोचतात. तिथे पांढऱ्या चेटकिणीचं राज्य आहे. हिवाळा संपत नाही आणि नाताळ येत नाही. एडमंड चेटकिणीच्या मिठाईला आणि राजा होण्याच्या आमिषाला भुलतो आणि सख्ख्या भावाबहिणींना तिच्या हवाली करायला निघतो. द्रोह करणाऱ्याच्या जिवावर चेटकिणीचा हक्क, असा त्या जगाचा मूळ कायदा आहे. अस्लान हा सिंह एडमंडच्या जागी स्वतः मरायला जातो.

वसईतल्या किंवा अहिल्यानगरातल्या ख्रिस्ती घरात वाढलेलं मूल हा प्रसंग वाचता वाचता ओळखेल. आदल्या रात्री अस्लानला एकटं वाटतं, तो सुझन आणि लूसीला आयाळीवर हात ठेवून सोबत चालायला सांगतो. मग त्याला बांधतात, त्याची आयाळ भादरतात, तोंडाला मुसकं घालतात, थट्टा करतात. तो प्रतिकार करत नाही. ज्यावर त्याला मारलं ते दगडी मेज पहाटे दुभंगतं आणि तो जिवंत उभा असतो. गुड फ्रायडेचं ख्रिस्ताचं मरण ते ईस्टरचं त्याचं पुन्हा उठणं, सगळं यात आहे, आणि लुईस यांनी ते कधी नाकारलं नाही. नार्नियासारखं एखादं जग खरंच असतं आणि देवाच्या पुत्राने तिथे सिंहाचं रूप घेतलं असतं, तर काय घडलं असतं, याची ही कल्पना आहे, असं ते सांगत.

पण या माणसाचा प्रवास माहीत असला की प्रचाराचा आरोप मला पटेनासा होतो. लुईस बेलफास्टचे. १९०८ साली आई कॅन्सरने गेली तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. ती बरी व्हावी म्हणून त्यांनी प्रार्थना केल्या होत्या. आई गेल्यावर काही आठवड्यांतच त्यांना इंग्लंडमधल्या एका बोर्डिंग शाळेत पाठवलं. तिथल्या छळाबद्दल त्यांनी पुढे लिहिलं आहे. किशोरवयातच ते नास्तिक झाले. पहिल्या महायुद्धात लढले, १९१८ मध्ये जखमी झाले, नंतर ऑक्सफर्डमध्ये इंग्रजी साहित्य शिकवू लागले. १९३१ च्या सप्टेंबरमधल्या एका रात्री टोल्किन आणि ह्यूगो डायसन या मित्रांशी कॉलेजच्या आवारात फिरत ते पहाटेपर्यंत बोलत राहिले. विषय होता पुराणकथांचा. मरून पुन्हा उठणाऱ्या देवांच्या जुन्या कथा लुईसना लहानपणापासून हलवून सोडायच्या. ख्रिस्ताची कथाही तशीच वाचून बघ, फरक इतकाच की ही घडलेली आहे, असं मित्रांचं म्हणणं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी श्रद्धेचा स्वीकार केला. म्हणजे हा माणूस गोष्टीच्या ओढीने देवापर्यंत गेलेला आहे.

नार्नियाची सुरुवातही शिकवणुकीतून झाली नाही. बर्फाळ रानातून छत्री आणि पुडकी घेऊन चाललेला फॉन, म्हणजे अर्धा माणूस अर्धा बोकड, हे चित्र त्यांच्या मनात सोळाव्या वर्षापासून होतं. चाळिशीच्या आसपास त्यांनी त्याची गोष्ट करायचं ठरवलं, आणि लिहिता लिहिता त्यात सिंह आला. लहानपणी ख्रिस्ताच्या दुःखाबद्दल आपल्याला काही का वाटत नाही, याचं उत्तरही त्यांनी दिलंय: वाटलंच पाहिजे असं सांगितलं जायचं म्हणून. सक्तीने भावना गोठते हे ज्याला स्वतःच्या बालपणातून कळलं, तो दुसऱ्याच्या मुलांवर तीच सक्ती करायला बसला होता, असं मला तरी वाटत नाही.

आता एडमंड. याच्याबद्दल मला मनापासून बोलायचंय.

तो खलनायक नाही. तो धाकटेपणाने कातावलेला, मोठ्या भावाच्या उपदेशाला विटलेला, लूसीला खोटं पाडून वरचढ व्हायला बघणारा मुलगा आहे. असा मुलगा प्रत्येक घरात आणि प्रत्येक वर्गात असतो. चेटकीण त्याला टर्किश डिलाइट देते, ते खाल्लं की आणखी खावंसंच वाटत राहतं. पुस्तक आलं तेव्हा ब्रिटनमध्ये मिठाईवर रेशनिंग होतं, ते १९५३ मध्ये उठलं. त्या मुलांना डबाभर मिठाईचा मोह समजावून सांगायची गरज नव्हती. चेटकिणीकडे गेल्यावर मात्र त्याच्या वाट्याला शिळी भाकरी आणि थंडी येते. मग एक प्रसंग आहे. रानात खारी आणि इतर प्राणी मिळून नाताळची मेजवानी करत असतात, चेटकीण चिडून त्यांचे दगड करते. तसं करू नको म्हणून एडमंड ओरडतो. लुईस तिथे एकच वाक्य लिहितात: या गोष्टीत पहिल्यांदाच एडमंडला स्वतःखेरीज दुसऱ्या कुणाचं वाईट वाटलं. तो बदलायला सुरुवात इथे होते. अजून त्याला कुणी सोडवलेलं नाही, कुणी माफ केलेलं नाही.

त्याची सुटका झाल्यावर अस्लान त्याला सकाळी बाजूला घेऊन जातो. दोघं चालत बोलतात. काय बोलतात ते लेखक आपल्याला सांगत नाही, एडमंड मात्र ते कधी विसरला नाही, एवढंच कळतं. मग अस्लान त्याला भावंडांपुढे आणतो आणि म्हणतो: हा तुमचा भाऊ, झाल्या गोष्टींबद्दल त्याच्याशी बोलायची गरज नाही. एडमंड प्रत्येकाचा हात हातात घेऊन 'चुकलो' म्हणतो, प्रत्येक जण 'असू दे' म्हणतो. संपलं.

आपल्याकडे मूल चुकलं की ती चूक वर्षानुवर्षं पाहुण्यांसमोर निघते. "हा नाही का, तेव्हा यानेच..." असं लग्नाकार्यात हसत हसत सांगितलं जातं, आणि ते मूल खाली मान घालून बसतं. मी हे इतक्या घरांत पाहिलंय की हा प्रसंग वाचताना दर वेळी माझा गळा दाटून येतो. माफी द्यायची तर पुरी द्यायची, आणि मुलाची इज्जत राखून द्यायची, हे या पुस्तकाइतकं स्पष्ट मी मुलांच्या दुसऱ्या कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही.

शेवटच्या लढाईत चेटकिणीची कांडी तोडतो तोही एडमंडच. तो जखमी होतो, लूसीच्या औषधाने बरा होतो. तेव्हा लूसी सुझनला हळूच विचारते: अस्लानने त्याच्यासाठी काय केलं ते त्याला माहीत आहे का? सुझन म्हणते, नको, त्याला ते फार जड जाईल. लूसी म्हणते, तरी त्याला कळायला हवं. तेवढ्यात कुणीतरी मध्ये येतं आणि प्रश्न तिथेच राहतो. माझी लेक इथे मला थांबवून म्हणाली, "सांगायला हवं. नाहीतर त्याला थँक्यू कसं म्हणता येईल?" त्या रात्री आम्ही पुढचं पान उलटलंच नाही, यावरच बोलत बसलो. तिला ख्रिस्ताची कथा तेव्हा माहीत नव्हती. नंतर मीच सांगितली. ती ख्रिस्ती झाली नाही, पण शेजारच्या काकूंच्या घरी ईस्टरला नेमकं काय साजरं करतात ते तिला कळलं. मला यात नफाच दिसतो. ख्रिस्ताची कथा मराठीला परकीही नाही. इंग्लंडहून गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्सचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं होतं.

मालिकेत दोष आहेत आणि ते मला टोचतात. कालोर्मेन या दक्षिणेकडच्या देशाचे लोक सावळे, पगडीवाले, वाकड्या तलवारींचे आणि बहुतेक क्रूर दाखवलेत. हे वाचताना मुलांशी बोलावंच लागतं. शेवटच्या पुस्तकात सुझनला लिपस्टिक आणि पार्ट्यांच्या नादी लागलेली म्हणून नार्नियाबाहेर ठेवलंय, आणि लेखक फिलिप पुलमन यांनी त्यावर केलेली कडक टीका मला रास्त वाटते. तिला सुधारायला अजून भरपूर वेळ आहे, असं लुईस यांनी १९५७ मध्ये एका मुलाला पत्रात लिहिलं. ते पुस्तकात यायला हवं होतं. एडमंडला जे मिळालं ते सुझनला का नाही?

पण त्याच शेवटच्या पुस्तकात एमेथ आहे. हा कालोर्मेनचा तरुण आयुष्यभर ताश या दुसऱ्या देवाला मनापासून भजलेला. अस्लान त्याला म्हणतो, ताशची म्हणून तू केलेली सेवा मी माझी मानतो. गीतेच्या नवव्या अध्यायात श्रद्धेने इतर देवतांना भजणारेही मलाच भजतात असं श्रीकृष्ण सांगतात, ते आठवल्याशिवाय राहत नाही. दोन्ही विचार एक नाहीत. लुईसच्या लेखी ताश आणि अस्लान विरुद्ध टोकांना आहेत, म्हणूनच चांगली सेवा अस्लानकडे जाते. तरी दुसऱ्या धर्माच्या प्रामाणिक माणसाला दारात घेणारा हा लेखक केवळ प्रचारक कसा म्हणायचा?

देणार असाल तर १९५० च्या पुस्तकापासूनच सुरुवात करा. आजकालच्या संचांवर 'द मॅजिशियन्स नेफ्यू'ला पहिला क्रमांक असतो, तिकडे दुर्लक्ष करा. अस्लानचं नाव पहिल्यांदा येतं तेव्हा लेखक म्हणतो की तो कोण हे तुमच्याइतकंच या मुलांनाही ठाऊक नव्हतं, आणि ते वाक्य खरं असताना वाचायला हवं. मग 'द हॉर्स अँड हिज बॉय'पर्यंत जरूर जा. तिथे एडमंड मोठा झालाय, राजा आहे, न्यायी म्हणून ओळखला जातो. एका दगाबाज राजपुत्राला मारून टाकावं असं दरबारात चाललेलं असताना तो म्हणतो की द्रोही माणूसही सुधारू शकतो, मी असा एक पाहिलाय.