पंप ‘कडक’ आणि गोळी ‘सौम्य’? आधी मायक्रोग्रॅम मोजा

घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज फिरतोय: ‘दम्याचा पंप हा शेवटचा उपाय. एकदा लागला की सुटत नाही. त्यातल्या स्टेरॉइडने मुलांची उंची खुंटते. त्यापेक्षा गोळ्या सौम्य. धाप लागली तर आधी वाफ द्या, पंप अगदीच नाइलाज झाला तर.’ त्याखाली एका आईचा प्रश्न: ‘मग पोराचा बंद करू का?’ नाही हो, करू नका!

गोळ्या सौम्य म्हणे. साल्ब्युटामॉल या श्वासनलिका मोकळी करणाऱ्या औषधाच्या एका फवाऱ्यात 100 मायक्रोग्रॅम औषध असतं. मोठ्यांची गोळी 4 मिलिग्रॅमची, म्हणजे 4,000 मायक्रोग्रॅम. दोन फवारे मारले तरी गोळीचा विसावा हिस्सा. शिवाय फवारा थेट श्वासनलिकेत उतरतो आणि काही मिनिटांत गुण देतो. गोळी पोटातून रक्तात आणि तिथून अंगभर जाते, म्हणून तिने हात जास्त थरथरतात, छाती जास्त धडधडते.

‘सुटत नाही’ हेही उगाचच. दमा लांबणीचा आजार आहे, म्हणून औषध लांबतं. चष्म्याची कुणाला सवय लागते का? तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावरच भागवणं मात्र खरंच वाईट, कारण आतली सूज तशीच राहते. दम्यावरच्या ‘जीना’ या जागतिक मार्गदर्शिकेने 2019पासून मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसता असा पंप देणं थांबवायला सांगितलंय. वर्षात त्याचे 200 फवाऱ्यांचे तीन डबे संपत असतील, तर डॉक्टरांना गाठा.

उंचीच्या मुद्द्यात तथ्य आहे, मान्य. पण किती? 2012मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासात, लहानपणी चार ते सहा वर्षं पंपातून रोज 400 मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड हे सूज कमी करणारं स्टेरॉइड घेतलेली मुलं मोठेपणी, ते न घेतलेल्यांपेक्षा, सरासरी 1.2 सेंटिमीटरने बुटकी भरली. बोटाच्या पेराएवढीही नाही. ही भीती घालून पंप बंद करायचा, मग अटॅक आला की तोंडावाटे स्टेरॉइडचा कोर्स. मोठ्यांना तो साधारण रोज 40 मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनचा असतो, म्हणजे 40,000 मायक्रोग्रॅम. दोन्ही औषधांची ताकद सारखी नाही हे खरं, पण अंगभर काय जास्त भिनतं ते उघड आहे. पंपानंतर चूळ भरून थुंकायची, म्हणजे तोंडात बुरशी धरत नाही.

आता वाफ. इथे माणूस दगावू शकतो. अटॅकमध्ये श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळलेले असतात आणि वाफेने ते सुटत नाहीत. वरून उकळतं पातेलं लहान मुलाजवळ, म्हणजे भाजण्याची भीती वेगळी. करायचं ते असं. सरळ बसवा, आडवं करू नका. आराम देणारा पंप हलवा, स्पेसरला, म्हणजे पंपाला जोडायच्या प्लॅस्टिकच्या नळकांड्याला लावा, एकच फवारा मारून चार-पाच श्वास घेऊ द्या. मग पुन्हा हलवून पुढचा. दोन-दोन एकदम मारले तर औषध स्पेसरच्या भिंतीलाच चिकटतं. दर 30 ते 60 सेकंदांनी एक, असे 10 पर्यंत. डॉक्टरांनी वेगळा आराखडा दिला असेल तर तो पाळा. वाक्य पुरं बोलता येत नसेल, फासळ्यांमधली जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर दहा मोजत बसू नका. आधी रुग्णवाहिका बोलवा, ती येईपर्यंत फवारे चालू ठेवा.

आणि ‘पंप घेऊनही फरक नाही’ म्हणणाऱ्यांनी पद्धत तपासावी. फवाऱ्याच्या पंपात श्वास सावकाश ओढायचा आणि जमेल तसा 10 सेकंद रोखायचा. पावडरच्या यंत्रात उलट, जोरात ओढायचा. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन तसाच निथळू द्या. फडक्याने पुसलात तर प्लॅस्टिक विद्युतभारित होऊन औषध ओढून घेतं. डबा पाण्यात तरंगवून औषध उरलंय का ते बघणंही सोडा, तोंड तुंबतं. त्यावर काउंटर नसेल तर हिशेब ठेवा: रोज चार फवारे घेतले तर 200चा डबा 50 दिवसांत संपतो. त्यानंतरही तो फुसफुसतो, पण औषधाचा भरवसा नसतो.