टेलच्या शेतकऱ्याचा इंजिनिअर

दक्षिण तैवानमध्ये ताइनानजवळ वुशानतोउ नावाचं धरण आहे. दरवर्षी 8 मे रोजी तिथे शेतकरी, पाटबंधारे खात्याची माणसं आणि जपानहून आलेले पाहुणे जमतात आणि हात्ता योइची या जपानी इंजिनिअरची पुण्यतिथी पाळतात. तैवान 1895 ते 1945 जपानची वसाहत होता. ज्यांच्यावर राज्य केलं त्यांच्याच नातवंडांनी राज्यकर्त्यांच्या एका नोकराची समाधी जपावी, हे सहज घडत नाही. धरणं तर जपान्यांनी आणखीही बांधली होती. याच माणसाची आठवण का राहिली, याचं उत्तर मला धरणाच्या भिंतीपेक्षा त्याच्या पाळीपत्रकात, म्हणजे कुणाला कधी पाणी द्यायचं त्या वेळापत्रकात, जास्त सापडतं. महाराष्ट्रात ऊस आणि जायकवाडीवरून वाद पेटला की इथे तैवानमध्ये बसून तेच पत्रक आठवतं.

हात्तांचा जन्म 1886 चा, जपानच्या इशिकावा प्रांतातल्या शेतकरी कुटुंबातला. 1910 मध्ये तोक्योच्या विद्यापीठातून स्थापत्य शाखेची पदवी घेऊन ते थेट तैवानला आले. या धरणाखालचं चिआनानचं मैदान तेव्हा तीन दुखण्यांनी गांजलेलं होतं: पावसाळ्यात पूर, उरलेलं वर्ष कोरडं आणि समुद्राकडच्या जमिनीत खार. हात्तांनी सुमारे दीड लाख हेक्टरची योजना मांडली, 1920 मध्ये काम सुरू झालं आणि 1930 मध्ये संपलं.

जलाशय मुख्य नदीवर नाही. त्सेंगवेन नदीचं पाणी डोंगरातून तीन किलोमीटरहून लांब बोगदा खोदून आणलं. धरण 1,273 मीटर लांब, 56 मीटर उंच, मातीचं. पण आपल्याकडे रोलरने थर दाबत बांधतात तसं नव्हे. दोन्ही बाजूंना रुळांवरच्या वाघिणींनी दगड-माती ओतायची आणि तिच्यावर पंपाने जोरदार पाण्याचा मारा करायचा. जड दगड बाहेरच्या उतारावर राहतात, बारीक माती वाहत मधल्या डबक्यात जाऊन बसते आणि तिचाच पाणी अडवणारा गाभा तयार होतो. या पद्धतीत धोका गाभ्याचाच. त्यातलं पाणी निचरून माती घट्ट व्हायच्या आत उंची चढवली, तर तो चिखल बाहेरच्या भरावाला ढकलतो आणि उतार घसरतो. कॅलिफोर्नियात कॅलाव्हेरास धरण 1918 मध्ये बांधकाम चालू असतानाच असं घसरलं होतं. हात्ता 1922 मध्ये अमेरिकेला गेले, तिथल्या तज्ज्ञांशी वाद घातला, वाफेवर चालणारी खोदयंत्रं विकत घेतली आणि पद्धत मात्र आपलीच ठेवली. त्याच वर्षाच्या शेवटी बोगद्यात वायूचा स्फोट होऊन पन्नासहून अधिक माणसं मेली.

इथवरची गोष्ट कुठल्याही मोठ्या धरणाची असू शकते. पुढची मात्र नाही. पाणी हिशेबात कमी पडत होतं. सगळ्या क्षेत्राला दरवर्षी भाताचं पाणी पुरणं शक्यच नव्हतं. अशा वेळी सोपा मार्ग म्हणजे क्षेत्र कापायचं, धरणाजवळच्या एक तृतीयांश जमिनीला पोटभर पाणी द्यायचं आणि बाकीच्यांना हात जोडायचे. हात्तांनी क्षेत्र कापलं नाही, पाण्याची पाळी लावली. साधारण दीडशे हेक्टरचा एक गट आणि त्याचे पन्नास-पन्नासचे तीन तुकडे. पहिल्या तुकड्यात भात, त्याला पावसाळी हंगामात भरपूर पाणी. दुसऱ्यात ऊस, त्याला मोजकं. तिसऱ्यात रताळ्यासारखी पिकं, त्यांना कालव्याचं पाणी नाही. पुढच्या वर्षी तुकडे बदलायचे. तीन वर्षांत प्रत्येक जमिनीवर तिन्ही पिकं फिरून येतात. गटाच्या तोंडाशी दार, त्याचा ताबा योजनेच्या सिंचन संस्थेकडे. आतल्या पोटचाऱ्या, म्हणजे शेतापर्यंत जाणारे लहान पाट, शेतकऱ्यांच्या लहान मंडळांकडे. पाणी आणि निचरा मिळून कालवे-चाऱ्यांची लांबी सुमारे 16,000 किलोमीटर. हा आकडा धरणाच्या उंचीपेक्षा महत्त्वाचा, कारण टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी जगतो तो पोटचारीवर.

हे ऐकून पुण्यातल्या जुन्या पाटबंधारे इंजिनिअरांना विश्वेश्वरय्यांची ब्लॉक पद्धत आठवेल, आणि ते बरोबरच आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीरा कालव्यावर त्यांनी हेच मांडलं होतं: ब्लॉकच्या एक तृतीयांश भागात ऊस, उरलेल्यात हंगामी पिकं, आणि उसाचा भाग फिरता. म्हणजे कल्पना आपल्याकडे हात्तांच्या आधी होती. मग ती चिआनानमध्ये घट्ट का बसली आणि दख्खनच्या कालव्यांवर सैल का पडली?

एक कारण कटू आहे. चिआनानमध्ये सक्ती होती. वसाहतीच्या सरकारला साखर हवी होती, कारखान्यांचे पट्टे ठरलेले होते आणि शेतकऱ्याला ऊस त्याच पट्ट्यातल्या कारखान्याला घालावा लागे. आपल्याकडची जुनी झोनबंदी आठवा. दरवर्षी एक तृतीयांश जमिनीवर हमखास ऊस ही कारखान्यांची सोयच होती. ज्याची सगळी जमीन एकाच तुकड्यात, त्याने उसाच्या वर्षी घरचा भात कुठून आणायचा? पाणीपट्टीविरुद्ध तेव्हाच आवाज उठले होते. हात्तांना देवमाणूस करून ठेवणारे हे गाळतात, आणि त्यांना फक्त वसाहतीचा हस्तक म्हणणारे टेलच्या शेतापर्यंत पोचलेलं पाणी गाळतात. 2017 मध्ये कुणीतरी त्यांच्या पुतळ्याचं डोकं कापून नेलं, तेव्हा हाच वाद पुन्हा पेटला. 8 मेच्या आत पुतळा दुरुस्त झाला.

दुसरं कारण तांत्रिक आहे आणि आपल्या चर्चेत ते क्वचितच येतं. आपल्या लाभक्षेत्रात विहिरी आहेत. कालवा पाझरतो, विहीर भरते, आणि ज्याची पाळी नाही त्याचाही ऊस उभा राहतो. त्यात खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणारं पुढचं पीक) ठेवला की तेच शेत दोन-तीन वर्षं उसाखालीच. एफआरपीमुळे, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या किमान दरामुळे, उसाला दराची हमी आहे. ज्वारी-हरभऱ्याला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदीची खात्री नाही. अशा ठिकाणी नुसतं पाळीपत्रक लावून तुकडे फिरत नाहीत. म्हणून ‘उसावर बंदी घाला’ आणि ‘उसाला हात लावू नका’ या दोन्ही घोषणा मला इथून सारख्याच पोकळ दिसतात. वितरिकेच्या (कालव्याच्या फाट्याच्या) तोंडाशी आणि विहिरीवर पाणी मोजल्याशिवाय दोन्हींना अर्थ नाही. जायकवाडीच्या वादाचंही तसंच. ऑक्टोबरच्या मध्याला जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांखाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, इथवर आपण कायद्याने आणि समितीने पोचलो. पण सुटलेलं पाणी पैठणच्या खाली कुठल्या चारीत किती गेलं, हा प्रश्न कुणी आंदोलनात विचारत नाही.

सक्तीशिवाय पाळी लावता येते, याचा नमुनाही आपल्याकडेच आहे. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे या इंजिनिअरने पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नव्हे तर माणशी, दर माणशी अर्धा एकर, कुटुंबाला कमाल अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, ऊस नाही. हात्तांच्या नियमापेक्षा हा जास्त न्याय्य, कारण तो लोकांनी स्वतःवर लावून घेतला. पण तो पंपाने पाणी उचलणाऱ्या लहान उपसा योजनांवर चालला. हजारो हेक्टरच्या कालव्यावर माणशी पाणी कसं मोजायचं, ते काम अजून राहिलंय.

हात्तांबद्दल आणखी एक गोष्ट आपल्याकडे नोंदवण्यासारखी. धरणाच्या जागी त्यांनी मजुरांना कुटुंबासह राहता येईल अशी वस्ती उभारली: घरं, शाळा, दवाखाना. 1923 च्या तोक्यो भूकंपानंतर निधी आटला आणि निम्म्या लोकांना कमी करावं लागलं. तेव्हा त्यांनी आधी कुशल माणसं कमी केली, कारण त्यांना दुसरीकडे काम मिळणार होतं, असं इथे सांगतात. काम संपल्यावर शिला उभारली तिच्यावर 134 मृतांची नावं आहेत. त्यात मजुरांच्या घरची माणसंही आहेत, आणि जपानी-तैवानी असा भेद न करता मृत्यूच्या क्रमाने ती कोरली आहेत. कोपीत राहून ऊस तोडणाऱ्यांची मुलं कुठल्या शाळेत जातात, हा प्रश्न आपल्या साखरेच्या चर्चेत परिशिष्टात असतो.

हात्ता 1942 मध्ये गेले. फिलिपिन्सला सिंचनाच्या पाहणीसाठी निघालेलं त्यांचं जहाज अमेरिकी पाणबुडीने बुडवलं. युद्ध संपल्यावर, 1 सप्टेंबर 1945 रोजी, पत्नी तोयोकी यांनी धरणाच्या पाण्यात जीव दिला. मागे मुलं होती. 1946 मध्ये स्थानिक शेतकऱ्यांच्या संस्थेने दोघांची समाधी बांधली.

आज तेच मैदान चिपच्या कारखान्यांनाही पोसतं. 2021 च्या दुष्काळात चिआनानमधल्या भाताचं पाणी बंद झालं, शेतकऱ्यांना हेक्टरी भरपाई मिळाली आणि कारखाने चालू राहिले. त्याआधी ऑक्टोबर 2020 मध्ये शेतकऱ्यांच्या सिंचन संस्था सरकारी खात्यात विलीन झाल्या होत्या. म्हणजे आपण 2005 च्या कायद्याने शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थांकडे निघालो, आणि तैवान संस्थांकडून खात्याकडे. आपल्याकडे बहुतेक संस्था कागदावर आहेत, नाशिक जिल्ह्यातल्या वाघाडसारखी ठिकाणं मोजकी. तरी मी इथल्या बदलाचं अनुकरण करा म्हणणार नाही. पाणी कारखान्याकडे वळवायचं ठरलं, तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूने हिशेब मागणारी स्वतंत्र संस्था इथे उरली नव्हती.