घरात कोणी सिगरेट ओढतं का?

मांजराचं पिल्लू न्यायला आलेल्या माणसाला मी आधी साधे प्रश्न विचारते. घर भाड्याचं असेल तर मालकाला चालतं का, वेळेवर नसबंदी कराल ना, गावाला गेलात तर कोण बघेल. इथपर्यंत सगळे हसून उत्तरं देतात. मग विचारते, "घरात कोणी सिगरेट-विडी ओढतं का?" की चेहरे बदलतात. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या एका ताईंनी तर तोंडावरच विचारलं, "अहो, मांजर देताय की मुलगी?"

रस्त्यावरची मांजरं वाचवून त्यांना घरं शोधणाऱ्या आमच्या रेस्क्यूवाल्यांमध्ये यावरून दोन तट आहेत. काही जण म्हणतात, सिगरेटवालं घर म्हणजे सरळ नाही. काहींना हा प्रश्नच आगाऊपणा वाटतो. माझं मत दोघांनाही पटत नाही, तरी लिहिते. प्रश्न विचारायचाच, पण उत्तर 'हो' आलं म्हणून पिल्लू अडवून ठेवायचं नाही.

आधी विचारायचं का ते सांगते. धुराचा त्रास जवळ बसणाऱ्या माणसाला होतो हे सगळ्यांना माहीत आहे. मांजराचं त्याहून वाईट. धूर विरला तरी त्यातलं चिकट विष सोफ्यावर, चादरीवर, ओढणाऱ्याच्या शर्टावर बसतं. मांजर तिथेच लोळतं, त्या शर्टाच्या मांडीवर झोपतं आणि उठलं की अंग चाटायला घेतं. कधी नीट बघा, पंजा ओला करून कानामागून फिरवणार, मग पोट, मग शेपटीचं टोक. जिभेवरचे बारीक काटे केसांतलं सगळं खरवडून काढतात आणि ते थेट पोटात जातं. म्हणजे माणूस नुसता ओढतो, मांजर ओढतंही आणि खातंही.

अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या पशुवैद्यांचा एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. धूम्रपान होणाऱ्या घरातल्या मांजरांमध्ये लिम्फोमा या कॅन्सरचा धोका सुमारे २.४ पट दिसला आणि ५ किंवा जास्त वर्षं अशा घरात काढलेल्यांमध्ये ३.२ पट. अभ्यास लहान होता, आजारी मांजरं ८० होती, त्यामुळे तो ब्रह्मवाक्य म्हणून मिरवू नये. पण दुर्लक्ष करावं इतका किरकोळही नाही. दम्याचं तर वेगळंच. मान पुढे ताणून, जमिनीला चिकटून मांजर खोकतं आणि घरचे म्हणतात, "केसाचा गोळा अडकला असेल." गोळा काही बाहेर पडत नाही आणि खोकला चालूच. अशा वेळी वाट न बघता डॉक्टरकडे न्यावं.

एवढं सगळं सांगून पुन्हा म्हणते, घर नाकारू नका. कारण दुसऱ्या बाजूला काय आहे? भद्रकालीच्या बोळातली कुत्री, मुंबई नाक्यावरच्या गाड्या आणि बिनलसीच्या पिल्लांना बघता बघता संपवणारा मांजरांचा पार्वो हा आजार. मला भेटलेले सगळ्यात प्रेमळ मांजरवाले म्हणाल तर नाशिकरोडचे एक निवृत्त काका. दिवसभर घरी, दुपारी बोका पोटावर, आणि बोटं सिगरेटने पिवळी पडलेली. अशा माणसाला नाही म्हणून पिल्लू आणखी महिनाभर पिंजऱ्यात ठेवण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

काकांना मी सिगरेट सोडा म्हटलं नाही. ते काम काकू तीसेक वर्षं करताहेत. एवढंच म्हटलं की घरात पेटवायची नाही. पंखा लावून चालत नाही, खिडकीशी उभं राहूनही चालत नाही. नाशिकच्या थंडीत तर खिडक्याही बंद, मग तो धूर जाणार कुठे? ओढायची तर बाहेर, येताना दार लोटून. आत आल्यावर हात धुवायचे, शर्ट बदलायचा, मग बोक्याला घ्यायचं. थोटकं उघड्या ॲशट्रेत ठेवायची नाहीत, पिल्लू खेळता खेळता चावतं आणि निकोटीन त्याला विषच आहे. मांजर झोपतं ती चादर वरचेवर धुवायची. आणि वास मारायला रूम फ्रेशनर फवारणाऱ्यांनो, कृपा करा, त्याने धुराचं काही बिघडत नाही, मांजराला मात्र आणखी एक त्रास.

बाकी सिगरेट नाही म्हणून फुशारकी मारणाऱ्यांनीही जरा घरात बघावं. संध्याकाळी दारं लावून डासांची कॉइल, वर धूप, कापूर. धूर तो धूरच, आणि कापूर मांजराच्या पोटात जाणं धोक्याचं. देवापुढे लावा, पण मांजर दुसऱ्या खोलीत ठेवून.

आता गॅलरीचं. सिगरेट गॅलरीत गेली की मांजरही माणसामागे गॅलरीत जातं, आणि कठड्यावर कबूतर बसलेलं असतंच. कबुतरांसाठी लावलेली ती पातळ नायलॉनची जाळी नखांनी, दातांनी फाटते आणि मांजर खाली पडू शकतं. सिडकोतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरी मी एवढ्यावरूनच पिल्लू थांबवलं. घरातले दादा म्हणाले, "ताई, सिगरेट चालते आणि जाळी चालत नाही?" म्हटलं, हो. त्यांनी लोखंडी जाळी बसवून घेतली, फोटो पाठवला आणि रविवारी येऊन पिल्लू घेऊन गेले.