पंधरा दिवसांत बॉयलरचं प्रेशर परत उतरलं, या रिव्ह्यूला माझं उत्तर

नमस्कार मॅडम, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला आणि आज सकाळी आमच्या टेक्निशियनशी नीट बोलूनच हे लिहितोय. तुमचं म्हणणं असं की घर गरम ठेवणाऱ्या बॉयलरमधलं पाण्याचं प्रेशर कमी म्हणून बोलावलं, माणूस आला, दहा मिनिटांत पाणी भरून पैसे घेऊन गेला, पंधरा दिवसांत प्रेशरचा काटा परत खाली, फोन केला तर आम्ही म्हणालो तुम्हीच भरा, आणि भरल्यावर रात्री भिंतीबाहेरच्या पाइपातून पाणी गळायला लागलं. एक स्टार दिलात. खरं सांगतो, यातलं बरंचसं बरोबर आहे, चूक आमची आहे.

पहिली चूक, आमच्या माणसाने तुम्हाला एक साधा प्रश्न विचारला नाही, की याआधी पाणी कधी भरलं होतं? वर्षातून एखाददोनदा काटा थोडा खाली येणं चालतं, रेडिएटरमधली (म्हणजे गरम पाणी फिरवून खोली गरम करणाऱ्या पॅनेलमधली) हवा काढली की प्रेशर उतरतंच, तेव्हा भरलं की काम संपलं. पण तुम्ही लिहिलंय की महिन्याभरात ही तिसरी वेळ होती. हे त्याला तेव्हा कळलं असतं तर तो नुसता भरून निघाला नसता, निदान निघायला नको होता. हीटिंगचं पाणी बंद सर्किटमध्ये फिरतं, तेच तेच पाणी, ते वापरलं जात नाही. मग कमी झालं म्हणजे कुठूनतरी बाहेर गेलं, आणि कुठून गेलं ते शोधणं हे खरं काम. ते आम्ही केलं नाही.

दुसरी चूक फोनवरची. "नळीचे कॉक उघडा आणि भरा" एवढं अर्धवट सांगून आम्ही फोन ठेवला. पूर्ण सांगायला हवं होतं ते असं: आधी बॉयलर बंद करून थंड होऊ द्यायचा, कारण गरम असताना काटा वर दिसतो आणि अंदाज चुकतो. मग खाली जी जाळीदार चंदेरी नळी आहे तिच्या दोन टोकांना दोन कॉक असतात, एक पूर्ण उघडायचा आणि दुसरा अगदी हळू, पाण्याचा सूं असा आवाज येईल, नजर काट्यावरच ठेवायची आणि काटा १.२ ते १.५ बारच्या (बार म्हणजे प्रेशरचं माप) मध्ये आला की दोन्ही कॉक घट्ट बंद. दोन्ही, एक नाही. नळी काढता येण्यासारखी असेल तर काढून ठेवायची, खाली फडकं धरून, कारण थोडं पाणी सांडतंच. काही मॉडेलला नळीऐवजी आतच चावी किंवा खटका असतो, त्यांचं मॅन्युअल बघावं लागतं. एवढं सांगायला तीन मिनिटं लागली असती, ती आम्ही दिली नाहीत, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

आता तुमच्या मनातली शंका, "माझ्याच हातून काही बिघडलं का". नाही मॅडम. रिव्ह्यूसोबत तुम्ही दोन फोटो टाकलेत ते फार कामाचे आहेत. रात्री हीटिंग चालू असताना काटा २.८ वर, आणि सकाळी सगळं थंड असताना ०.३ वर. कॉक उघडा राहिला असता तर पाणी आत येतच राहिलं असतं, सकाळी काटा असा तळाला गेला नसता. रात्री एवढं वर आणि सकाळी एवढं खाली हे बघितलं की माझा पहिला संशय एक्स्पान्शन व्हेसलवर जातो. पाणी तापलं की फुगतं, १०० लिटर पाणी थंडाचं ८० डिग्रीपर्यंत नेलं की जवळपास ३ लिटर वाढतं, आणि ते वाढलेलं पाणी सामावून घ्यायला बॉयलरमध्ये एक टाकी असते, तीच एक्स्पान्शन व्हेसल, मध्ये रबरी पडदा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. ती हवा कमी झाली किंवा पडदा फाटला की पाण्याला जायला जागाच उरत नाही. नीट असलेल्या सिस्टिममध्ये तापल्यावर काटा १.४ वरून फार तर २ च्या आसपास जातो, तुमच्याकडे तो पार वर जातो, ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाहेरच्या पाइपातून जातं, तेच तुम्ही रात्री पाहिलंत. मग थंड झालं की जेवढं बाहेर गेलं तेवढं कमी. तुम्ही परत भरता, ते परत फुगतं, परत बाहेर.

टाकीला सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो, त्याची पिन दाबली आणि हवेऐवजी पाणी आलं तर पडदा गेला, टाकी बदलायची. नुसती हवा कमी असेल तर सिस्टिमचं प्रेशर आधी शून्यावर आणून पंपाने हवा भरता येते. हे कृपया स्वतः करू नका, गॅस बॉयलरचं कव्हर उघडायचं काम परवानाधारक माणसाचंच. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह एकदा उघडला की बऱ्याचदा त्याच्या सीटवर, म्हणजे बंद होताना तो जिथे टेकतो तिथे, कचरा अडकतो, मग तो नीट बसत नाही आणि थेंब थेंब गळत राहतो, म्हणून तोही तपासावा लागेल. फोटोवरून शंभर टक्के सांगत नाही, रेडिएटरच्या व्हॉल्व्हपाशी किंवा जमिनीखालच्या पाइपात बारीक गळतीही सोबत असू शकते.

एका गोष्टीवर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. तुम्ही लिहिलंय की ओळखीच्यांकडे दर आठवड्याला भरतात, काही होत नाही. होतं, फक्त दिसायला वेळ लागतो. ताज्या पाण्यातून दर वेळी ऑक्सिजन आत जातो, तो रेडिएटर आतून गंजवतो, गंजाचा काळा गाळ तळाशी बसतो, रेडिएटर वर गरम आणि खाली थंड लागायला लागतात, पंपावर लोड येतो, गंज लागू नये म्हणून टाकलेलं केमिकलही पातळ होत जातं. मी स्वतः असे रेडिएटर काढून पालथे केलेत, आतून शाईसारखं काळं पाणी आलंय. म्हणून दर आठवड्याला भरत रहा असं मी कुणालाच सांगणार नाही, आणि आमच्या ऑफिसमधूनही यापुढे कुणी सांगणार नाही, आधी शेवटचं कधी भरलं ते विचारायचं हे आजच सगळ्यांना सांगितलंय.

आम्ही येईपर्यंत एवढंच करा. बाहेरच्या पाइपाच्या तोंडाला रात्री एक प्लास्टिकची पिशवी सैलसर बांधून ठेवा, सकाळी पाणी साठलं का ते बघा आणि फोटो काढा. पण पाइपातून गरम पाणी जोरात येऊ शकतं, तेव्हा हीटिंग चालू असताना तिथे हात नको. प्रत्येक रेडिएटरच्या व्हॉल्व्हखाली कोरडा टिश्यू फिरवून बघा, सांध्यावर हिरवा किंवा पांढरा डाग असेल तर ते सुकलेल्या पाण्याचं असतं, तोही फोटो ठेवा. बॉयलर ०.५ च्या खाली जाऊन बंद पडला आणि घरात थंडी असेल तर एकदा १ बारपर्यंत भरून चालवा, त्याच्या वर नको, आणि तारीख लिहून ठेवा.

या वेळी मी स्वतः येतोय, तपासणीचे पैसे घेणार नाही, आधी घेतलेले परत करतो. पार्ट बदलावा लागला तर किंमत आधी सांगेन, तुम्ही हो म्हणालात तरच बदलू, आणि जुना पार्ट तुमच्या हातात देऊन दाखवेन. बिलावर जो नंबर आहे त्यावर सोयीची वेळ कळवा, सकाळची असेल तर बरं, सगळं थंड असताना पहिला काटा मला बघायचाय.