बारा नंबरचा पाना

मोटरसायकलच्या पुढच्या ब्रेकमधून खर्र खर्र आवाज यायला लागला, तेव्हा शहाण्यासारखा मेकॅनिककडेच गेलो होतो. त्याने मजुरी दोनशे सांगितली आणि वर "संध्याकाळी या" म्हणाला. ही संध्याकाळ कोणत्या तारखेची, ते त्याने आजवर कधी सांगितलेलं नाही. दोन बोल्टचं तर काम आहे, म्हणत मी नवे ब्रेक पॅड, म्हणजे चाकाच्या डिस्कला दाबून गाडी थांबवणाऱ्या पट्ट्या, घेऊन घरी आलो. तेही साधे नाहीत, सिंटर्ड! धातूची पावडर दाबून, भाजून केलेले. तापले तरी पकड सोडत नाहीत. पॅडच्या मागच्या पत्र्यावर दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं थंड असतानाच्या पकडीचं, दुसरं तापल्यावरच्या. नागपुरात मे महिन्यात पहिलं अक्षर कायले छापतात, देव जाणे.

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागलेला. दहानंतर पाना हातात धरवत नाही, म्हणून सकाळी साडेसहालाच अंगणात पोतं अंथरलं. काढलेले बोल्ट हरवू नयेत म्हणून आईकडून संत्रा बर्फीचा रिकामा डबा मागून घेतला, ही पहिली चूक. पाच मिनिटांत शेजारची तीन पोरं हजर. डब्यात बोल्टच आहेत हे मी सांगितलं, पण तिघांनीही आळीपाळीने आत डोकावून खात्री करून घेतली.

बारा नंबरच्या पान्याने कॅलिपरचे, म्हणजे पॅड धरून ठेवणाऱ्या भागाचे, बोल्ट मुकाट सुटले. अडली ती पॅडची पिन. ॲलन की लावून जोर करतोय, कपाळावरचा घाम नाकावरून टपटप डिस्कवर पडतोय, आणि पिन ढिम्म. गंज सोडवणारा स्प्रे मारावा, तर तो डिस्कवर उडाला की नव्या पॅडचीही वाट लागते. म्हणून कान साफ करायच्या काडीवर घेऊन एकेक थेंब सोडत होतो. तेवढ्यात भिंतीपलीकडून काकाजी.

"काय करून राहिला रे?"

"पॅड बदलवून राहिलो, काकाजी."

"येते का तुले?"

"व्हिडिओ पाहिला ना."

काकाजी काही बोलले नाहीत. आत गेले आणि खुर्ची घेऊन आले.

खुर्चीत बसल्यावर दुसऱ्याच मिनिटाला त्यांनी विचारलं, "तू ते खोलून राहिला का कसून राहिला?" मी थांबलो. कॅलिपर हातात उलटा धरला होता, त्यामुळे डावं-उजवं बदललं होतं. गेली दहा मिनिटं मी ती पिन मन लावून घट्ट करत होतो.

पिन सुटली तेव्हा सव्वाआठ झाले होते. जुने पॅड झिजून पापडासारखे, नवे चांगले जाड. ते बसायला कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन आत दाबावा लागतो. दाबला. आत दाबलं की हँडलवरच्या डबीत ब्रेक ऑइल वर चढतं हे व्हिडिओवाल्याने सांगितलं होतं, पण तेवढ्यात मध्ये जाहिरात आली होती. डबी भरून वाहिली आणि ऑइल थेट पेट्रोलच्या टाकीवर. हे ऑइल रंग खातं. बादलीभर पाणी ओतलं, तरी रुपयाएवढा डाग पडलाच.

"रंग गेला ना बे," काकाजी म्हणाले. खुर्ची वसूल झाली होती.

सगळं बसवलं, हात धुतले, गाडी स्टँडवरून काढली आणि उतारावरून फाटकाकडे सोडली. सवयीने पुढचा ब्रेक दाबला. लिव्हर मऊ लोण्यासारखा थेट मुठीला टेकला. पिस्टन आत ढकलल्यावर तो पॅडला येऊन भिडेपर्यंत लिव्हर पंप करत राहायचा असतो. हे मला आठवलं तेव्हा पुढचं चाक काकाजींच्या कूलरच्या लोखंडी स्टँडला भिडलं होतं, आणि कूलरचं अर्धं पाणी काकाजींच्या मांडीवर.

त्यांनी धोतर पिळत एवढंच म्हटलं, "थंड लागलं."

पंधरा-वीस वेळा पंप केल्यावर लिव्हर कडक झाला. आता पॅड मुरवायचे: वेग घ्यायचा, हलका ब्रेक लावायचा, पुन्हा वेग. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून पूर्ण थांबायचं मात्र नाही. आमच्या चौकातल्या सिमेंट रोडवर मी फेऱ्या सुरू केल्या. दर फेरीला गाडी हळू व्हायची ती नेमकी तर्री पोह्याच्या ठेल्यासमोर. पहिल्या फेरीला ठेलेवाल्याने पाहिलं, दुसरीला हात केला, तिसरीला प्लेट भरली. चौथ्या फेरीला तो प्लेट घेऊन रस्त्याच्या कडेलाच उभा होता.

"भाऊ, घ्याचे हायेत का नाही?"

सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. वर तर्रीतले चणे दिसत होते. मी दोन्ही ब्रेक करकचून दाबले.