चुका कमी म्हणजे डिस्लेक्सिया कमी नव्हे
स्पॅनिश भाषकांत डिस्लेक्सिया (वाचन-लेखन शिकताना येणारी विशिष्ट अडचण) कमी, हा एका लेखातला निष्कर्ष पटला नाही. तिथे अक्षर-उच्चाराचं नातं जवळपास पक्कं असल्याने डिस्लेक्सिया असलेलं मूलही शब्द बहुधा बरोबर वाचतं, पण फार सावकाश, अडखळत. चाचणीत फक्त चुका मोजल्या तर ते सुटतंच! म्हणून वेळ लावून वाचून घ्यावं, निरर्थक शब्दही द्यावेत. शिवाय शुद्धलेखन बघाच: ‘बी’ आणि ‘व्ही’चा उच्चार एकच, ‘एच’ मूक. ‘ओला’ (नमस्कार) लिहिताना सुरुवातीचा ‘एच’ गळला की त्याची ‘लाट’ होते. असे घोटाळे सुरुवातीला सगळेच करतात. चौथी-पाचवीतही ते टिकले आणि वाचन संथच राहिलं, तर तपासणी लांबवू नका. डिस्लेक्सियाची टक्केवारी तर वाचनाची कुठली पातळी ‘कमी’ धरता त्यावरच हलते.