३.५ मीटर नळी कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एवढं मन लावून कोणी चुका दाखवल्या तर त्याला दोन ओळींत वाटेला लावणं बरं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचं म्हणणं असं: संत्र्याच्या सालीचं तेल काढायच्या भांड्याला मी अर्धा इंची स्टीलची ३.५ मीटर नळी वेटोळं करून लावायला सांगितली (वेटोळं गार पाण्याच्या बादलीत बुडतं आणि भांड्यातली वाफ त्यात थंड होऊन पाणी आणि तेल बनते), तो उगाच खर्च आहे. तांबं स्टीलच्या २५ पट उष्णता वाहून नेतं, तेव्हा फ्रिजवाल्याकडची पाव इंची तांब्याची ३ मीटर नळी पुरते. शिवाय माझ्या फोटोत गार पाणी बादलीत वरून सोडलेलं दिसतं, तेही चूक.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण त्यात तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. वरून सोडलेलं गार पाणी खाली बसताना सगळी बादली ढवळून टाकतं, आणि त्यातलं थोडं काम न करताच काठावरून वाहून जातं. पाणी तळाशी सोडायचं आणि वरच्या काठावरून बाहेर काढायचं. वाफ वरून येते, म्हणजे गरम वाफेला गरम पाणी भेटतं आणि नळीच्या शेवटच्या वेढ्याला सगळ्यात गार. फोटो बदलते आहे.

आता तांब्याचं. २५ पट हा आकडा साधारण खरा आहे, पण तो फक्त नळीच्या भिंतीपुरता. वाफेची उष्णता पाण्यात जायला तीन टप्पे पार करते: वाफेपासून नळीच्या आतल्या पृष्ठभागाला, मग धातूतून, मग बाहेरच्या पृष्ठभागापासून पाण्यात. वाफ थंड होऊन पाणी होताना उष्णता झपाट्याने सोडते. अडतं ते बाहेर, कारण बादलीतलं पाणी नळीला लागून जवळजवळ थांबलेलं असतं. १ मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या भिंतीचा वाटा एकूण अडथळ्यात २ टक्क्यांच्याही आत येतो. धातू बदलून तुम्ही तेवढंच वाचवता. बादलीत पाणी फिरतं ठेवलंत तर त्याहून कितीतरी जास्त मिळेल. स्टील मी घेतलं ते धुवायला सोपं म्हणून. वाकवायला मात्र ते अवघड, मी हिंगणा एमआयडीसीतून वाकवून आणलं.

३.५ मीटर कुठून आलं, हे मी मूळ लेखात सांगायला हवं होतं. माझी इंडक्शन शेगडी २००० वॅटची. १ किलो वाफ पाणी होताना २२५७ किलोज्यूल सोडते, म्हणजे शेगडीची सगळी उष्णता भांड्यातल्या पाण्यात उतरली असं धरलं तर तासाला सुमारे ३.२ लिटर पाणी पडणार, आणि नळीने २००० वॅट बाहेर काढायचे. बादलीतल्या वेटोळ्याला मी चौरस मीटरमागे, प्रत्येक अंशाच्या फरकाला ३०० वॅट धरते. हात राखून धरलेला आकडा आहे हा. जानेवारीत पाणी २५ अंशाला आत, ५५ ला बाहेर. या हिशोबाने अर्धा इंची नळी २.९ मीटर पुरते. पण मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेली संत्री हातात येईपर्यंत फेब्रुवारी-मार्च उजाडतो आणि काम एप्रिलपर्यंत लांबतं. आपल्या नागपुरात तेव्हा गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही. ४० अंशाचं पाणी आत घेऊन ६० ला बाहेर सोडायचं तर नळी ३.४ मीटर लागते, आणि पाणी तासाला ५७ लिटरऐवजी ८६ लिटर. पाणी न फिरवता २० लिटरची बादली तशीच ठेवली तर ४० वरून ६० वर जायला तिला १४ मिनिटं पुरतात. म्हणून मी आता रात्री ड्रम भरून ठेवते आणि पहाटे पाचला शेगडी लावते. तुम्ही हिशोब करताना थंडीतलं पाणी धरलंय, असं मला वाटतं.

पाव इंची नळीची मला काळजी वाटते ती वेगळ्याच कारणाने. ३ मीटर लांबी असली तरी तिचा पृष्ठभाग ०.०६ चौरस मीटर, एप्रिलच्या पाण्याला २००० वॅटसाठी लागतो त्याच्या निम्म्याहून कमी. आणि १ किलो वाफ सुमारे १.६७ घनमीटर जागा घेते. २००० वॅटला ती वाफ अर्धा इंची नळीत सेकंदाला साधारण १६ मीटरने जाते, पाव इंचीत ८० च्या वर. एवढ्या वेगाला वाट मिळाली नाही की दाब भांड्यात साठतो. माझ्या पहिल्या भांड्याचं झाकण असंच उचललं गेलं होतं. बाजूला कणकेने लिंपलेला सांधा फुटला आणि वाफ मनगटाला लागली. नळीचं तोंड कायम मोकळं हवं, वाटेत कॉक नको, एवढं तरी ऐकाच.

त्याच भांड्याने मला दुसरी गोष्ट शिकवली. घरभर संत्र्याचा वास सुटला होता, शेजारच्या काकू कौतुक करायला आल्या, आणि मीही खूश होते. संध्याकाळी बाटलीत पाहिलं तर पाण्यावर तेलाची जेमतेम साय. जी वाफ नळीत पाणी न होता बाहेर पडते ती तेल सोबत घेऊन जाते. शिवाय ते तेल पेटणारं आहे, शेगडीजवळ त्याची वाफ साचणं बरं नाही. आता मी नळीच्या तोंडाशी हाताची पाठ धरते. गरम वाफ लागली की शेगडी लगेच कमी करते.

तुम्ही नळी आणलीच असेल तर टाकून देऊ नका. ती ८०० वॅटपर्यंत चालेल. तेव्हा वेग ३३ मीटरवर येतो आणि ०.०६ चौरस मीटर एप्रिलच्या पाण्यालाही पुरतं. फक्त वेळ अडीच पट लागेल. मात्र आधी शेगडी तपासा. काही इंडक्शन कमी सेटिंगला हळू चालत नाहीत, पूर्ण ताकदीने चालू-बंद होत राहतात. तशी असेल तर नळीला प्रत्येक झटका २००० वॅटचाच बसेल. मग साधी कॉइलची शेगडी घ्या, ८०० वॅटची.